पांढरा हात

रेवदंड्याच्या शाळेत माझी नेमणूक झाली, तेव्हा राहायला खोली शोधायची म्हणून हेडमास्तर मला घेऊन गावात हिंडत होते. एका घरासमोर ते थांबले आणि जरा चाचरतच म्हणाले, "खोली चांगली आहे. बाईही चांगल्या आहेत. फक्त त्यांच्या खुर्च्यांविषयी कुणी काही सांगितलं तर मनावर घेऊ नका."

खुर्च्यांविषयी कोण काय सांगणार, असं मला वाटलं. मी तेवीस वर्षांची होते. वडिलांशी भांडून घर सोडलेलं होतं आणि यापुढे कशाचंच फारसं मनावर घ्यायचं नाही असं ठरवलेलं होतं.

ओटीवर साठीच्या एक बाई पदर कमरेला खोचून एका बाकाचा पाय काचकागदानं घासत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलंच नाही.

"कोन?"

"शाळेतल्या नव्या बाई आहेत. खोली हवीय," हेडमास्तर म्हणाले.

"रंगाच्या वासानं डोकं दुखतं का तुजं?"

"नाही," मी खोटंच सांगितलं.

"मग ये."

एवढ्यावर माझी खोली ठरली. महिन्याभरात मी तिला मावशी म्हणायला लागले आणि 'अहो'चं 'अगं' झालं, म्हणून इथेही तसंच लिहिते. ती मला मास्तरीनबाय म्हणे, आणि रागावली की नुसतं बाय.

मावशी बेने इस्रायल होती, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. आमच्या कुलाबा जिल्ह्यात या लोकांना शनवार तेली म्हणायचे. तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी काम बंद ठेवणारी माणसं. नेसणं, बोलणं, भातमासळी सगळं चारचौघींसारखंच. शुक्रवारी तिन्हीसांजेला खोबरेल तेलाचा दिवा लागला की शनिवारी आभाळात चांदण्या दिसेपर्यंत मावशी ब्रशला शिवायची नाही. बाकीचे सगळे दिवस ती रंग काढायची किंवा रंग लावायची.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. तिकडे त्यांचा देश झाला आणि इथली त्यांची घरं एकामागून एक रिकामी व्हायला लागली. बोटीवर माणूस काय काय नेणार? कपडे नेले, भांडी नेली, दिवा नेला. खुर्च्या-कपाटं मागे राहिली. ती सगळ्यांनी मावशीच्या माजघरात आणून ठेवली आणि 'येऊ तेव्हा नेऊ' म्हणून सांगितलं. अशी पाच घरांची लाकडं तिच्याकडे होती. तिचा एकुलता एक मुलगा शलमोनसुद्धा गेला होता. तो दर पत्रात 'आता तू ये' असं लिही.

"जात का नाहीस गं?" मी एकदा विचारलं.

"सगळेच गेले तर यांना वळखनार कोन?" ती माजघराकडे मान करून म्हणाली.

प्रत्येक घराला तिनं एकेक रंग दिला होता. थोरल्या दिरांची, दानियलभावजींची, आरामखुर्ची तपकिरी. हन्नावन्संचं आरशाचं कपाट फिकट गुलाबी. दानियलभावजींच्या नातीची, रिबेकाची, बसायची छोटी खुर्ची पोपटी. कोळ्यांनी होड्यांसाठी आणलेल्या रंगातला उरलेला डबा ती मागून आणायची, त्यात जवसाचं तेल घालायची, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची आणि मग बोटावर घेऊन उन्हात धरून बघायची. पावसाळ्यात खारी हवा रंग खाते, म्हणून पाऊस संपला की पहिल्या खुर्चीपासून सुरुवात. शेवटच्या बाकाला दुसरा हात लावून होतो न होतो तोच पुढचा पाऊस. ते काम संपणारच नव्हतं, आणि संपावं असं तिला वाटतही नव्हतं.

रंगवताना ती बोलायची. आधी मला वाटलं, स्वतःशी. मग लक्षात आलं की ती खुर्च्यांशी बोलते, आणि मधे थांबून ऐकते. एकदा अलिबागचा एक व्यापारी आरशाचं कपाट विकत घ्यायला आला होता. त्यानं दोन-तीनदा गळ घातली. मावशी म्हणाली, "थांबा, इचारते." माजघरात गेली, कपाटाच्या दाराला कान लावून चांगली मिनिटभर उभी राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, "न्हाय म्हनते." तो व्यापारी पायात चप्पल नीट न अडकवताच अंगणातून गेला. मी खूप हसले. मावशी हसली नाही.

माझं हसणं बंद झालं त्याला तीन महिने लागले.

शाळा सकाळची होती. दुपारी मी खोलीत वह्या तपासत बसले होते. माजघरातून काचकागदाचा आवाज येत होता, खर्र, खर्र, थांबून पुन्हा खर्र. रोजचाच तो. मी तिथूनच हाक मारली, "मावशी, चहा टाकू का?" आवाज थांबला. उत्तर आलं नाही. थोड्या वेळानं अंगणाचं फाटक वाजलं. पाहते तर मावशी हातात मासळीची टोपली घेऊन बाजारातून येत होती.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"आत कोन असनार?"

आम्ही दोघी माजघरात गेलो. कुणी नव्हतं. दानियलभावजींच्या आरामखुर्चीखाली तपकिरी भुगा पडला होता, मुठीत मावेल एवढा. वाळवी असेल, असं मी म्हणणार होते. मावशीनं टोपली खाली ठेवली आणि खुर्चीच्या हाताला नख लावलं. उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तसा सबंध हातावरचा रंग एका पट्टीत निघून आला. तो दोन महिन्यांपूर्वीच लावलेला होता. मी स्वतः पाहिला होता.

"लाकडानं रंग सोडला," ती हळूच म्हणाली.

मासळी तशीच राहिली. तिनं सगळी खुर्ची खरवडली, सफेदा कालवला आणि वरून खालपर्यंत एक पांढरा हात लावला. एकच. मग जमिनीवर चटई टाकली आणि तिच्यावर बसली. सात दिवस ती खाटेवर निजली नाही की पाटावर बसली नाही. शेजारची कोळीण तिला भाकरी आणून द्यायची. कुणी गेलं की यांच्यात सात दिवस असं बसतात, हे मला तिनंच सांगितलं.

"पण कोण गेलं?"

"पत्र येईल."

पत्र यायला तीन आठवडे लागले. तिचे डोळे मोतीबिंदूनं निकामी होत चालले होते, त्यामुळे पत्रं मीच वाचून दाखवायची. दानियलभावजी झोपेतच गेले होते. पत्रात तारीख दिली होती, वार सोमवार. मी शाळेचं हजेरीपत्रक काढून पुन्हा पुन्हा पाहिलं. पण मला हजेरीपत्रकाची गरज नव्हती. आदल्या दिवशी, रविवारच्या सुटीत, मी तिच्याबरोबर किल्ल्यापर्यंत फिरून आले होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तो आवाज ऐकला होता, हे मला चांगलं आठवत होतं.

त्यानंतर मी माजघरातून जाताना भिंतीकडेनं जायला लागले.

गावाला हे सगळं ठाऊक होतं. कुणी तिच्या घरावरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जाई. कुणी बायका घरातला पाट, पाळण्याचा दांडा असलं काहीबाही पदराखाली झाकून आणत आणि 'जरा बघा' म्हणत. मावशी त्यांना फाटकातूनच परत धाडायची. "मी काय जोतिषी हाय? रंगारीन हाय मी. जा."

पण एक गोष्ट सांगायला हवी. पुढच्या वर्षी रिबेकाच्या पोपटी खुर्चीनं रंग सोडला. ही पोर इथून गेली तेव्हा पाच वर्षांची होती. मावशीनं नख लावलं, रंग सुटला, आणि मी पहिल्यांदाच तिचा चेहरा घाबरलेला पाहिला. तिनं सफेदा कालवला नाही. खुर्ची मांडीवर घेतली आणि भिंतीला टेकून बसली. जेवली नाही, बोलली नाही. तिच्या बोटांखाली उरलेला पोपटी रंग घट्ट दाबून धरलेला. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर ती ओटीवर तांदूळ निवडत होती.

"धरला," ती म्हणाली. "परत धरला रंग."

महिन्यानं पत्र आलं त्यात पोरीला विषमज्वर झाल्याचं आणि आता ती हिंडू-फिरू लागल्याचं लिहिलं होतं.

मी या गोष्टींवर विश्वास ठेवते का, असं मला पुष्कळांनी विचारलंय. खाऱ्या हवेत रंगाचे पापुद्रे निघतात, हे कुणीही सांगेल. ओटीवरच्या बाकाचे तर दर महिन्याला निघायचे आणि त्यापायी कुणी मेलं नाही. मावशीलाही ते ठाऊक होतं. "हवेनं सुटलेला रंग चुरा होतो," ती म्हणायची, "आन् मानसानं सोडलेला सालीसारखा निघतो." मी तिच्याशी वाद घातला नाही. जे झालं ते लिहिते आहे.

आता माझ्या मेजाचं.

उतरत्या झाकणाचं, बसून लिहायचं शिसवी रंगाचं एक छोटं मेज मी महाडहून येताना बरोबर आणलं होतं. ते वडिलांचं. त्यांनी माझं लग्न ठरवलं होतं आणि मी नोकरीचा हुकूम हातात घेऊन 'नाही' म्हणाले होते. आई आधीच गेलेली. घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही सारखीच हट्टी. "जायचंय तर जा, पण परत येऊ नकोस," असं ते म्हणाले. मी निघाले, आणि जाताना त्यांना न विचारता ते मेज उचलून नेलं. लहानपणी त्याच मेजावर त्यांनी माझा हात धरून अक्षरं गिरवून घेतली होती. दोन वर्षं झाली होती. त्यांचं पत्र नाही, माझंही नाही.

थंडीचे दिवस होते. शाळेतून आले तर खोलीत मेज नाही. मागच्या पडवीत मावशी ते पुढ्यात घेऊन बसलेली, आणि अर्ध्या झाकणाचा रंग गेलेला, लाकूड पांढुरकं पडलेलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या वस्तूला हात का लावलास?"

"खोली झाडत हुते. फडकं मारलं आन् रंग फडक्याबरोबर आला."

"खाऱ्या हवेनं आला असेल!"

"असंल. हवेनंच असंल." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "मेज कोनाचं हाय?"

"माझं."

"तुजं न्हाय, बाय."

शेवटी मी सांगितलं, "बाबांचं आहे."

"कुठं असतात?"

"महाडला."

तिनं फडकं खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून पाहिलं. तिच्या डोळ्यांवर ते दुधासारखं सारवण आलेलं होतं, तरी मला वाटलं तिला मी स्वच्छ दिसते आहे.

"मग बसलीस काय? जा."

"ते म्हणाले, परत येऊ नकोस."

"ते काय पन म्हनाले असतील." तिचा आवाज एकदम चढला. "माज्या मानसांकडं जायचं म्हंजे मला दर्या आडवा हाय. मी जाऊ शकत न्हाय म्हनून हितं रंग लावत बसते गो! तुला काय? तुला एस. टी. हाय!"

मी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघाले. अलिबाग, वडखळ, मग महाडची गाडी. वाटेत दहादा मनात आलं की आपण वेड्या बाईच्या नादानं चाललो आहोत. बाबा दारात उभे असतील आणि विचारतील, कशाला आलीस? त्याला काय उत्तर द्यायचं, हे मी वाटभर मनात घोळवत होते.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाबा माजघरात सतरंजीवर पडले होते. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठांना चिरा. उशाशी तांब्या कलंडून सगळं पाणी वाळून गेलेलं. शेजारचे चार दिवस लग्नाला गेले होते आणि बाबांचा तापही तेव्हापासूनचा. मी धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. फुप्फुसाला सूज होती. सुई देऊन झाल्यावर डॉक्टर अंगणात येऊन मला म्हणाले, "आज आलात म्हणून. उद्या आला असतात तर मला बोलवायचं कारण नव्हतं."

बाबा दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी शुद्धीवर आले. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मेज आणलंस का परत?"

"नाही."

"बरं. राहू दे तुझ्याकडे," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून रडले. त्यांना रडताना मी त्याआधी फक्त एकदाच पाहिलं होतं.

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. माझ्याकडे येऊन राहिले, माझ्या हातचं खाल्लं, माझ्या लग्नात नवऱ्यामुलाच्या अक्षराला नावं ठेवली.

मी पंधरवड्यानं रेवदंड्याला परतले, तेव्हा मेज माझ्या खोलीत होतं, जसं होतं तसं शिसवी रंगात. मावशी म्हणाली, "हात मारत ऱ्हायले. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सांजच्याला धरला." दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच बाबांनी पहिल्यांदा पेज मागितली होती.

चौथ्या वर्षी मावशीचे डोळे पार गेले. बोटांनाही काही कळेना, टर्पेंटाइननं ती जन्मभर भाजलेली. रंगाचे हात आता मी लावायची आणि ती ओटीवरून चुका काढायची. ब्रशच्या आवाजावरून तिला कळे की मी घाई करते आहे.

होळीच्या आधीची एक दुपार. तिनं मला आत बोलावलं. ती तिच्या खाटेच्या कडेला बसली होती. हात मांडीत.

"मास्तरीनबाय, एक काम हाय. ह्या खाटेच्या खुराला जरा नख लावून बघ."

"कशाला?"

"मला दिसत न्हाय, कळत न्हाय. तू बघ आन् सांग."

मी खाली बसले. खुराला नख लावायचीही गरज पडली नाही. बोट टेकवलं आणि निळा रंग माझ्या बोटाबरोबर आला. लांब, अखंड, सालीसारखा. आत लाकूड ओलसर आणि उघडं. मी ती साल मुठीत दाबून धरली. आवाज होऊ नये म्हणून श्वासही धरला.

"घट्ट आहे," मी म्हणाले.

ती चाचपत खाटेवरून उठली.

"मंग वरनं एक हात मार. निळाच."

मी रंग कालवून आणला. ती बाजूच्या पाटावर भिंतीला टेकून बसली, कान माझ्याकडे करून. मी पहिला फटका मारला आणि खालचा सगळा थर ब्रशवर गोळा होऊन आला. पुन्हा मारला, पुन्हा तेच. नवा रंग लागत होता तो उघड्या लाकडावर.

"आवाज येगळा येतोय गो," मावशी म्हणाली.

"ब्रश नवा आहे."

"व्हय?"

"हो."

खाट पुरी झाली. मी डबा उचलून निघाले तेव्हा मावशी मागून म्हणाली, "शलमोनला पत्र धाडशील त्यात रंगाचं लिहू नको. भिईल तो."

मी पत्राविषयी तिला बोलले नव्हते. ते मी मनातल्या मनात नुकतंच लिहायला घेतलं होतं.

त्याच दिवशी टपाल गाठलं. 'आईला तुम्हाला बघायचं आहे, ताबडतोब निघा,' एवढंच लिहिलं. तिला काही होत नव्हतं. ती जेवत होती, माझ्या ब्रशला नावं ठेवत होती. पण रोज सकाळी मी माजघरात जायची तेव्हा ती खाटेवर एका कुशीवर अगदी अंग चोरून पडलेली असायची, कडेच्या लाकडाला कुठे लागू नये अशी. का, ते मी विचारलं नाही.

शलमोन आठव्या आठवड्यात आला. मुंबईला बोटीनं, तिथून रेवसला लाँचनं, आणि पुढे बैलगाडीनं. उंच, उन्हानं करपलेला, मराठी शब्दासाठी मधेच अडणारा. मावशीनं त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाली, "हाडं वर आलीत रे. जेवायला घालत न्हाईत तुला?" अकरा दिवस तो तिच्यापाशी बसून होता. तिनं त्याला घरातली एकूण एक खुर्ची हात धरून दाखवली, कुणाची, कुठल्या रंगाची, कुठला पाय कच्चा. बाराव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला त्याच्याशी बोलता बोलता ती थांबली. तो पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिला.

त्यानं मला हाक मारली. तिला खाली चटईवर घ्यायचं होतं. तो पायांकडून, मी खांद्यांकडून. तिचं अंग इतकं हलकं होतं की मला तोल सावरायला एका हातानं खाटेची कड धरावी लागली.

चटईवर तिला ठेवून मी बाजूला झाले आणि हात पाहिले. खाट रंगवून दोन महिने झाले होते, आणि ऐन उन्हाळा होता. माझा एक तळवा निळा झाला होता, ओला.